ज्येष्ठ स्त्रियांमधील हृदयविकार आणि व्यायाम (रायगड किनारपट्टी)

हृदयविकार जडलेल्या ज्येष्ठ स्त्रियांचा व्यायाम हा हृदयरोगशास्त्र, जराचिकित्सा आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही क्षेत्रांशी निगडित विषय आहे. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास शस्त्रक्रिया, हृदयाची अकार्यक्षमता किंवा झडपांचा विकार यांनंतर साठी ओलांडलेल्या स्त्रीने कोणती, किती आणि कशा रीतीने शारीरिक हालचाल करावी, याचा विचार या विषयात केला जातो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांच्या बाबतीत बेताचा व नियमित व्यायाम हा आता पूरक सल्ला नसून उपचाराचाच एक भाग मानला जातो. तरीही पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया त्याकडे कमी वळतात आणि त्यांना तो सुचविलाही कमी वेळा जातो.

महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील किनारपट्टीवर या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. मासळी, भातशेती, मिठागरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या यांत आयुष्यभर राबलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ‘कष्ट’ आणि ‘व्यायाम’ यांतील फरक ओळखणे हा तेथील मुख्य मुद्दा ठरतो.

संज्ञा व व्याप्ती

स्नायूंच्या वापराने शरीराची ऊर्जा खर्च करणारी कोणतीही हालचाल ‘शारीरिक हालचाल’ या संज्ञेत येते. पाणी भरणे, केर काढणे, बाजारात जाणे यांचा त्यात समावेश होतो. ‘व्यायाम’ हा तिचाच एक प्रकार असून तो ठरवून, ठरावीक रीतीने, पुन्हा पुन्हा आणि शरीराची क्षमता टिकविण्यासाठी किंवा वाढविण्यासाठी केला जातो. हृदयरुग्णासाठी वैद्यकीय देखरेखीखाली आखलेला व्यायाम, आहार, औषधे, मानसिक आधार आणि आरोग्यशिक्षण यांच्या एकत्रित कार्यक्रमाला ‘हृदय पुनर्वसन’ म्हणतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हृदयविकारात श्रम उपकारक ठरू शकतात, ही कल्पना जुनी आहे. हृदयशूळाचे सविस्तर वर्णन करणारे इंग्लिश वैद्य विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात अशा एका रुग्णाची नोंद केली होती, की जो रोज अर्धा तास लाकूड कापत असे आणि त्यामुळे जवळजवळ बरा झाला होता. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मत उलट दिशेने गेले. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून येण्यासाठी रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावर निजवून ठेवणे हाच सर्वमान्य उपचार झाला.

१९५२ साली अमेरिकन डॉक्टर सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाउन यांनी रुग्णाला लवकर उठवून आरामखुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिन्यावरून वरखाली करणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे त्यात आढळले. हा अभ्यास केवळ पुरुषांचा होता. १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हृदयरुग्णांच्या पुनर्वसनावर अहवाल दिला. त्यानंतर पुनर्वसनाची कल्पना अनेक देशांत रुजली. सामान्य कुटुंबांत मात्र ‘हृदयाचा त्रास म्हणजे पूर्ण विश्रांती’ हा समज अजूनही टिकून आहे.

शरीरावर होणारे परिणाम

नियमित व्यायामाने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचिक राहते, रक्तदाब व रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते आणि झोप व मनःस्थिती सुधारते.

ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांतील हृदयविकाराचे प्रमाण वाढत जाते. ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासानुसार स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी सुमारे ९ वर्षे उशिरा येतो. त्यामुळे झटका येतो त्या वेळी अनेक स्त्रियांना मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांचा संधिवात किंवा हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काही ना काही आधीच असते. हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत असूनही ते नीट सैल पडत नाही, अशा प्रकारची अकार्यक्षमताही वयस्क स्त्रियांत अधिक आढळते. वयपरत्वे स्नायू घटत असतातच. दीर्घ विश्रांतीने ही घट वेगाने होते. परिणामी हृदय स्थिर असतानाही स्त्रीला जमिनीवरून उठणे, जिना चढणे किंवा एकटीने बाहेर जाणे अवघड होऊ लागते. व्यायामाचा प्रश्न केवळ आयुष्य वाढविण्याचा नसून स्वतःची कामे स्वतः करता येण्याचा आहे, तो या कारणाने.

संशोधनातील स्त्रियांचे स्थान

व्यायामाधारित हृदय पुनर्वसनावरील ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०२१ सालच्या आढाव्यात ८५ चाचण्या व २३,४३० रुग्ण यांचा विचार करण्यात आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू, पुन्हा येणारा झटका आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळ या तिन्हींत व्यायामामुळे घट होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र अशा चाचण्यांतील बहुसंख्य रुग्ण मध्यमवयीन पुरुष राहिले आहेत.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ या चाचणीत हृदयाच्या अकार्यक्षमतेचे २,३३१ रुग्ण होते व त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. पुढील विश्लेषणात व्यायामाचा लाभ पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक दिसला. २०२१ सालच्या ‘रिहॅब-एचएफ’ या चाचणीतील ३४९ वयस्क रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. या चाचणीत केवळ चालण्यावर भर न देता बळ, तोल, हालचालींतील सहजता आणि दम या चारही अंगांचा व्यायाम देण्यात आला आणि रुग्णांची शारीरिक कार्यक्षमता स्पष्टपणे सुधारली.

भारतातील स्थिती

भारतात १९९० साली एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होत होते. २०१६ साली हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींची पाहणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ५४.४ टक्के व्यक्ती शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय होत्या. स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून अधिक होते आणि फुरसतीच्या वेळी व्यायाम वा खेळ करणारे १० टक्क्यांहूनही कमी होते. २०२४ सालच्या एका जागतिक विश्लेषणानुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया व ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते.

झटक्यानंतरच्या पुनर्वसनासाठी योगाचा वापर तपासणारी ‘योगा-केअर’ ही चाचणी भारतातील २४ रुग्णालयांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तीत ३,९५९ रुग्ण होते. त्यांतही पुरुषांची संख्या फार मोठी होती. योग करणाऱ्या गटातील रुग्णांचे स्वतःच्या प्रकृतीविषयीचे मत आणि पूर्वीच्या कामांकडे परतण्याचे प्रमाण सुधारले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही.

रायगड किनारपट्टी

रायगड जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत त्याला सुमारे २४० किलोमीटरचा किनारा लाभला असून धरमतर, रेवदंडा व राजपुरी या खाड्यांनी तो ठिकठिकाणी छेदला आहे. उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन व म्हसळा या तालुक्यांत कोळी, आगरी, कोकणी मुसलमान, माळी, भंडारी, कुणबी आदी समाजांची वस्ती आहे. मुंबईची जवळीक असल्याने तरुण पिढी नोकरीसाठी मुंबई, नवी मुंबई किंवा परदेशी जाते आणि अनेक घरांत वयस्क स्त्रिया एकट्या किंवा पतीसह राहतात.

कष्ट आणि व्यायाम

कोळी स्त्रिया बंदरावर मासळीचा लिलाव घेतात, पाटी डोक्यावर घेऊन विक्री करतात, बोंबील व सुकट वाळत घालतात. आगरी स्त्रिया लावणी, कापणी व मिठागरांची कामे करीत आल्या आहेत. वाड्यांतून शिंपणे, झावळ्या ओढणे, सुपारी सोलणे ही कामे असतात. ओहोटीला खडकांवरील कालवे व चिखलातील शिंपल्या काढणे हेही बायकांचेच काम. ‘दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला?’ असा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणे विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरकाम व व्यवसायातील हालचालही हिशेबात धरली जाते. त्यामुळे हे श्रम व्यर्थ नाहीत. परंतु हृदयरुग्णाच्या दृष्टीने त्यांत तीन उणिवा असतात. पहिली म्हणजे डोक्यावरची भरलेली पाटी, पाण्याचा हंडा किंवा झावळ्यांची मोळी उचलताना स्नायू ताणून श्वास रोखला जातो व रक्तदाब एकदम वाढतो. दुसरी म्हणजे मासळी निवडणे, विकायला बसणे, सुपारी सोलणे या कामांत तासन्‌तास उकिडवे वा मांडी घालून बसावे लागते. त्यात दमणूक होते, पण हृदयाला व्यायाम घडत नाही. तिसरी म्हणजे कामाचा वेग व विश्रांतीची वेळ स्त्रीच्या हाती नसते. लिलाव, भरती किंवा गिऱ्हाईक ती ठरवितात. पोटापाण्यासाठीचे जड श्रम आणि फुरसतीतील व्यायाम यांचे हृदयावरील परिणाम सारखे नसतात, असे काही अभ्यासांत आढळले आहे. मात्र त्यामागील कारणांविषयी संशोधकांत एकमत नाही.

शिवाय हे श्रम वर्षभर सारखे नसतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते व त्या काळात बंदरावरील वर्दळ थांबते. ३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबाग, मुरुड व श्रीवर्धन भागांतील असंख्य नारळी-पोफळी उन्मळून पाडल्या आणि वाड्यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबांचा दिनक्रमच बदलला. नळाचे पाणी, गॅसची शेगडी, पिठाची गिरणी व मिक्सर यांनी बायकांचे जाचक कष्ट कमी केले, ही मोठीच सोय झाली. परंतु गेलेल्या श्रमांची जागा व्यायामाने घेतली नाही. झटका आल्यावर तर कामे पूर्ण बंद होतात आणि आयुष्यभर राबलेली स्त्री एकाएकी ओटीवर बसून राहते. अतिश्रम आणि निष्क्रियता या दोन टोकांमधील मापाच्या हालचालीची सवय तिला कधी लागलेलीच नसते.

वाळू, भरती-ओहोटी आणि पाऊस

समुद्रकिनारी चालणे हा या भागातील सहजसाध्य व्यायाम आहे. मात्र कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालणे हे कठीण जमिनीवर चालण्यासारखे नसते. १९९८ साली बेल्जियन संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत, तेवढ्याच वेगाने वाळूत चालण्यास कठीण पृष्ठभागापेक्षा दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, असे आढळले. म्हणून हृदयरुग्णाने ओहोटीनंतरची ओली, घट्ट पुळण किंवा सपाट रस्ता निवडणे श्रेयस्कर. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे केवळ पुळणीवर विसंबल्यास चालण्याची वेळ कायम राहत नाही आणि सवय मोडते. गावातील रस्ता, देवळाचे आवार किंवा शाळेचे पटांगण असा दुसरा मार्ग ठरलेला असावा लागतो.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जांभ्या दगडाच्या पाखाड्या व पाणंदी शेवाळाने निसरड्या होतात. हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीच्या दृष्टीने पडण्याचा धोका हृदयाच्या धोक्याइतकाच गंभीर असतो. त्या काळात ओटी, पडवी किंवा माजघर येथे चालणे व जागच्या जागी पावले टाकणे हा पर्याय उरतो. एप्रिल-मे महिन्यांत दमट हवेमुळे घाम लवकर वाळत नाही व शरीर तापते. त्यामुळे पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ सोयीची ठरते.

सामाजिक अडसर

काम नसताना बाईने नुसते चालायला जाणे हे काही घरांत अजून विचित्र मानले जाते. लोक काय म्हणतील हा संकोच, नातवंडांची देखभाल, स्वयंपाकाच्या वेळा, एकटीने बाहेर पडण्याची भीती, भटकी कुत्री, पदपथांचा अभाव व योग्य पादत्राणे नसणे ही कारणे वारंवार दिसतात. कुटुंबीय काळजीपोटी ‘तू काही करू नकोस’ असे सांगतात आणि अनवधानाने तिची ताकद कमी होण्यास हातभार लावतात. गटाने चालणे हा यावरील परिणामकारक उपाय आहे. बचत गट, भजनी मंडळ, महिला मंडळ व ज्येष्ठ नागरिक संघ हे त्यासाठी गावोगावी आधीच अस्तित्वात असलेले आधार होत. फुगडी, झिम्मा किंवा फेर यांतही उत्तम व्यायाम घडतो. मात्र हृदयरुग्णाने वेगवान फुगडी व उड्या टाळून संथ फेर धरावा.

व्यायामाचे प्रमाण व प्रकार

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी, दीर्घकालीन विकार असलेल्यांसह, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान २ दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम सुचविला आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी त्यात किमान ३ दिवस तोल व बळ यांच्या व्यायामाची भर घातली आहे. हे अंतिम उद्दिष्ट आहे, आरंभबिंदू नव्हे. थोडीशी हालचालही मुळीच नसण्यापेक्षा बरी, हे तत्त्व याच सूचनांत नमूद आहे. झटक्यानंतर डॉक्टरांच्या अनुमतीने ५ ते १० मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करून कालावधी हळूहळू वाढविला जातो.

• चालणे : आरंभी व शेवटी ५ ते १० मिनिटे संथ गती ठेवावी. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग मध्यम समजला जातो. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असल्यास नाडीपेक्षा ही कसोटी अधिक उपयोगी पडते.
• बळाचा व्यायाम : खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकून शरीर पुढे-मागे करणे, अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या उचलणे. जोर लावताना श्वास सोडावा. तो रोखू नये.
• तोल : ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहणे, टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालणे.
• योग : सोपी आसने, दीर्घ श्वसन व शवासन. रायगडच्या सीमेलगत लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली स्थापिलेल्या कैवल्यधाम या संस्थेने योगाच्या शारीरिक परिणामांच्या प्रयोगनिष्ठ अभ्यासाची परंपरा सुरू केली. हृदयरुग्णाने कुंभक, शीर्षासन व वेगवान सूर्यनमस्कार वैद्यकीय सल्ल्याविना करू नयेत.

दक्षता

विश्रांतीतही छातीत दुखणे, आटोक्यात नसलेली हृदयाची अकार्यक्षमता, महारोहिणीच्या झडपेचे तीव्र आकुंचन, अनियंत्रित अनियमित ठोके किंवा ताप असताना व्यायाम वर्ज्य आहे. बायपास शस्त्रक्रियेनंतर उरोस्थी जुळेपर्यंत साधारण ६ ते १२ आठवडे जड वजन उचलू नये. हंडा, पाटी व नातवंडाला कडेवर घेणे हेही त्यातच आले.

व्यायाम करताना छातीत, जबड्यात, पाठीत वा हातात दुखणे, विलक्षण धाप, घेरी, थंड घाम किंवा मळमळ जाणवल्यास तत्काळ थांबून बसावे. स्त्रियांत छातीतील वेदनेबरोबरच धाप, थकवा व मळमळ ही लक्षणे अधिक दिसतात आणि ती पित्त किंवा अशक्तपणा म्हणून दुर्लक्षिली जातात. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी दिली असल्यास ती बसूनच घ्यावी, कारण तिने रक्तदाब उतरतो. ५ मिनिटांत त्रास न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी उन्हाळ्यात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दोन-तीन दिवसांत वजन सुमारे २ किलोने वाढल्यास किंवा पायांवर सूज आल्यास व्यायाम थांबवून तपासणी करावी. मधुमेही स्त्रियांनी उपवासाच्या दिवशी व्यायामाचा वेळ कमी ठेवावा. तसेच पायाची संवेदना कमी झाली असल्यास पुळणीवर अनवाणी चालू नये. जेवणानंतर लगेच व्यायाम करू नये.

आरोग्यसेवा व योजना

अँजिओप्लास्टी व बायपास यांसाठी किनारपट्टीवरील रुग्णांना बहुधा पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. पुढे २०१७ साली तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना असे झाले. या योजनेमुळे शस्त्रक्रियेचा खर्च अनेक कुटुंबांच्या आवाक्यात आला. परंतु घरी परतल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा शहरातील पुनर्वसन केंद्रात जाणे श्रीवर्धन किंवा म्हसळ्याच्या स्त्रीला शक्य नसते. एस.टी.मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून मोफत व स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. तरी अंतर व वेळ यांचा प्रश्न उरतोच.

घरच्या घरी करावयाचे पुनर्वसन, दूरध्वनीवरून किंवा आरोग्यसेविकेमार्फत देखरेख असल्यास, केंद्रातील पुनर्वसनाइतकेच उपयुक्त ठरू शकते, असे संशोधनात आढळले आहे. त्यामुळे गावातील विद्यमान आरोग्ययंत्रणेचे महत्त्व वाढते. आशा सेविका ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी जो जोखीम-तपासणी तक्ता भरतात, त्यात आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा प्रश्न असतो. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या स्तरावरील आयुष्मान आरोग्य मंदिरांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते, तसेच योगसत्रेही योजिली जातात. रुग्णालयातून घरी जाताना औषधांच्या चिठ्ठीबरोबरच किती मिनिटे चालावे, काय उचलू नये आणि केव्हा थांबावे, हे मराठीत लिहून मिळणे, ही या साखळीतील कमी खर्चाची आणि अत्यंत उपयुक्त कडी आहे.

हे सुद्धा पहा

• हृदयविकाराचा झटका
• हृदय पुनर्वसन
• रजोनिवृत्ती
• रायगड जिल्हा
• कोळी समाज
• कैवल्यधाम
• महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना